रेंजच्या पलीकडची गाडी

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

पाऊस उघडून रस्त्याची आणि बंधाऱ्यांची कामं सुरू झाली की गाडीची जागा मोबाइलच्या नकाशावर दाखवणाऱ्या ट्रॅकरबद्दल 'गाडी ऑफलाइन दिसते' ही तक्रार वाढते. या वेळची बहुतेक पत्रं कोयना, सोळशी, कांदाटी आणि वारणेच्या खोऱ्यांतून आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. जतकडचं एकच पत्र आहे, पण तिकडची अडचण वेगळी असल्यानं ते घेतलं आहे.

प्रश्न : आमचा एक पोकलेन आणि दोन डंपर तापोळ्याच्या पलीकडे कांदाटी खोऱ्यात रस्त्याच्या कामावर आहेत. तिन्हींना ट्रॅकर बसवले, पण सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत गाड्या नकाशावर एकाच जागी थिजलेल्या दिसतात. ज्याच्याकडून घेतले तो म्हणतो, तिथं जीपीएसची रेंज नाही. यावर उपाय आहे का?
– रस्ते ठेकेदार, मेढा

उत्तर : विक्रेत्याचं म्हणणं चूक आहे. ते खरं धरलंत तर पुढचे पैसेही भलत्या जागी जातील. जीपीएसला रेंज लागत नाही. उपग्रह १५७५.४२ मेगाहर्ट्झवर आपली वेळ आणि आपली कक्षा सतत सांगत असतात. ट्रॅकर फक्त ऐकतो आणि चार उपग्रह नीट ऐकू आले की स्वतःची जागा स्वतःच काढतो. हे कांदाटीत होतं, भर समुद्रातही होतं. अडतं ते पुढचं काम, म्हणजे ती जागा तुमच्या मोबाइलपर्यंत पोचवणं. त्यासाठी ट्रॅकरमधल्या सिमला टॉवर लागतो. टॉवर नसेल तर निरोप थांबतो. पण गाडी कुठे आहे हे ट्रॅकरला तेव्हाही ठाऊक असतं.

म्हणून आधी एक ठरवा. गाडी आत्ता या क्षणी कुठे आहे हे हवंय, की दिवसभर कुठे होती हे संध्याकाळी कळलं तरी चालेल? डंपरच्या खेपा, पोकलेनचे तास, डिझेलचा हिशेब याला संध्याकाळ पुरते. दहापैकी आठ ठेकेदारांचं काम एवढ्यात भागतं आणि त्याला वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. फक्त ट्रॅकरमध्ये नोंदी साठवणारी मेमरी हवी आणि ती चालू केलेली हवी.

मेमरी आहे का हे कागदावर पाहू नका, गाडीवर तपासा. रेंज असलेल्या ठिकाणाहून डंपर निघू द्या. रेंज नसलेल्या भागात, जाण्याचा एक आणि येण्याचा दुसरा रस्ता धरून, तासभर फिरवा. परत रेंजमध्ये आल्यावर इंजिन चालू ठेवून पंधरा मिनिटं उभा करा आणि मग त्या दिवसाचा मार्ग उघडा. रेंज गेली तिथून रेंज आली तिथपर्यंत एकच सरळ रेघ दिसली, तर मेमरी नाही किंवा बंद आहे. वळणावळणाचा रस्ता दिसला, तर सगळं ठीक आहे. अर्धा रस्ता आणि पुढे सरळ रेघ दिसली, तर मेमरी आहे, पण भरून जाते किंवा पूर्ण रिकामी व्हायला वेळ मिळत नाही.

मेमरी किती असावी? प्रवासी वाहनांसाठी असलेल्या एआयएस १४० मानकात ४०,००० नोंदींची मेमरी आणि मुख्य वीज तुटल्यावर चार तास चालणारी आतली बॅटरी सक्तीची आहे. पोकलेनला हे मानक लागू नाही, पण खरेदी करताना तेवढीच मेमरी मागावी. दर १० सेकंदाला नोंद आणि रोज १० तास काम धरलं तर दिवसाच्या ३,६०० नोंदी होतात. ४०,००० नोंदी अकरा दिवसांत भरतात. दर मिनिटाला नोंद ठेवली तर त्याच मेमरीत दोन महिने मावतात. डंपरला ३० सेकंद आणि शिवाय 'वळणावर नोंद' (दिशा १५ ते २० अंशांनी बदलली की एक) एवढं ठेवा, घाटातला रस्ता नीट उमटतो. पोकलेन दिवसभर शंभर मीटरच्या आत फिरतो, त्याला इंजिन चालू असताना पाच मिनिटांनी आणि बंद असताना तासातून एकदा पुरे.

खरी गफलत पुढच्या सेटिंगमध्ये असते. संध्याकाळी डंपर रेंजमध्ये येतो, ड्रायव्हर चावी काढतो, ट्रॅकर मिनिटभरात झोपी जातो आणि दिवसभराच्या नोंदी आतच राहतात. 'झोपेपूर्वीचा वेळ' २० मिनिटं करून घ्या. एका वेळी एकच नोंद पाठवून प्रत्येकीची पोच घेणारा ट्रॅकर २जीवर फार रेंगाळतो, तेव्हा एका पाकिटात १५-२० नोंदी जातील असं सेट करायला सांगा. येण्याच्या वाटेवर जिथं फोनला बऱ्यापैकी दांड्या येतात, ती चहाची टपरी किंवा देवळाचा पार रोजचा थांबा ठरवा. तिथं ट्रॅकरला सीएसक्यू, म्हणजे टॉवरच्या सिग्नलची ताकद, विचारता येतो. तो आकडा ० ते ३१ असतो. १० च्या वर असेल तर नोंदी सुरळीत जातात, ५-६ ला नुसती धडपड होते.

सिम घेण्याआधी साइटवर वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन नेऊन बघा. जुना ट्रॅकर फक्त २जीवर चालतो आणि जिओचं २जी जाळंच नाही. त्यामुळे त्या ट्रॅकरमध्ये ते सिम कुठंच चालणार नाही, अगदी साताऱ्यातही नाही. या एका चुकीपायी कितीतरी चांगले ट्रॅकर 'खराब' म्हणून परत गेले असतील.

शेवटी, अहवालात दोन वेळा दिसतात का पाहा : नोंद झाली ती वेळ आणि सर्व्हरला मिळाली ती वेळ. काही स्वस्त ॲप फक्त दुसरी दाखवतात. मग सकाळच्या सगळ्या खेपा संध्याकाळी सव्वासहाला झाल्यासारख्या दिसतात आणि मुकादमाशी विनाकारण वाद होतो.

प्रश्न : ट्रॅक्टर वीस दिवस चांदोलीकडच्या वाडीत उभा होता. परत गेलो तर स्टार्टर फिरेना, बॅटरी बसलेली. ट्रॅकर लावण्यापूर्वी असं कधी झालं नव्हतं. ट्रॅकरला एवढी वीज लागते का?
– शेतकरी, शिराळा तालुका

उत्तर : रेंजमध्ये लागत नाही. रेंजबाहेर लागते, आणि हेच कोणी सांगत नाही. झोपलेला ट्रॅकर साधारण ५ मिलीअँपिअर घेतो. वीस दिवसांत अडीच अँपिअर-तासही जात नाहीत, ७५-८८ अँपिअर-तासाच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीला ते जाणवतही नाही. पण टॉवर सापडत नाही म्हणून जो ट्रॅकर झोपतच नाही, सारखा जोर लावून शोधत राहतो, तो सरासरी ९० मिलीअँपिअर ओढू शकतो. ९० मिलीअँपिअर गुणिले २४ तास गुणिले २० दिवस म्हणजे ४३ अँपिअर-तास. बॅटरी अर्धी रिकामी. जुनी असेल तर स्टार्टर हलत नाही.

उपाय असा : इंजिन बंद असताना 'खोल झोप' चालू करा, तासातून एकदाच जाग यावी, आणि टॉवर नाही मिळाला तर ९० सेकंदांत शोध थांबवावा. इग्निशनची तार जोडलेलीच नसेल तर ट्रॅकरला इंजिन बंद झाल्याचं कळतच नाही. बसवणारे पुष्कळदा लाल आणि काळी दोनच तारा जोडून मोकळे होतात. तिसरी तार चावी फिरवल्यावरच १२ व्होल्ट येतील अशा ठिकाणी हवी. तारेच्या रंगावर जाऊ नका, मल्टिमीटर लावून बघा. चावी बंद केल्यावर शून्य आणि स्टार्टर फिरतानाही व्होल्टेज टिकणारं ठिकाण निवडा. काही ठिकाणी स्टार्टर फिरताना वीज तुटते आणि ट्रॅकर दर वेळी नव्यानं सुरू होतो.

लाल तारेवर बॅटरीपासून वीतभर अंतरात २ अँपिअरचा फ्यूज घाला. फ्यूज ट्रॅकरजवळ लावला तर मधली तार घासून शॉर्ट झाल्यावर तिला कोणी वाचवत नाही.

मोठ्या मशीनवाल्यांसाठी दोन गोष्टी इथंच सांगतो. पोकलेनला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. १२ व्होल्टचा ट्रॅकर चालावा म्हणून काही जण एकाच बॅटरीवरून वीज घेतात. ती बॅटरी रोज थोडी जास्त उतरते, दुसरी प्रमाणाबाहेर चार्ज होते आणि वर्षभरात जोडी वाया जाते. ९ ते ३६ व्होल्ट चालणारा ट्रॅकरच घ्या. दुसरं, बकेटला वेल्डिंग करण्याआधी ट्रॅकरचा कनेक्टर काढा आणि बॅटरीची निगेटिव्ह सोडा. वेल्डिंगची अर्थ पकड कामाच्या अगदी जवळ लावा. ती लांब लावली की करंट बेअरिंग आणि वायरिंगमधून वाट काढतो, ट्रॅकरच काय, मशीनचा कंट्रोलरही जातो.

प्रश्न : पुतण्या परदेशात असतो. तो सॅटेलाइटवर चालणारा हातातला ट्रॅकर आणतो म्हणतोय. कोयनेच्या जंगलात जाणाऱ्या जीपमध्ये ठेवला तर चालेल ना?
– वाचक, पाटण

उत्तर : नाही. आणू देऊ नका. थुराया आणि इरिडियम या उपग्रह जाळ्यांवर चालणाऱ्या साधनांना भारतात बंदी आहे, आणि परदेशात गिर्यारोहक वापरतात ते बरेचसे निरोप पाठवणारे ट्रॅकर इरिडियमवरच चालतात. विमानतळावर सापडलं तर साधन जप्त होतं आणि पुतण्यावर गुन्हाही दाखल होऊ शकतो. परवानगी मिळते ती इनमारसॅटच्या सेवेला, बीएसएनएलमार्फत, दूरसंचार विभागाच्या मंजुरीनं. एका जीपसाठी तो खटाटोप परवडत नाही.

नुसता जीपीएस असलेलं, म्हणजे फक्त ऐकणारं आणि काही न पाठवणारं यंत्र वेगळं. ते तुमच्या फोनमध्येही आहेच.

प्रश्न : शिवसागरात (कोयनेच्या जलाशयात) आमची लाँच चालते. समुद्रातल्या मासेमारी होड्यांना इस्रोचा ट्रान्सपॉन्डर (उपग्रहावरून जागा आणि निरोप पाठवणारं यंत्र) बसवतात असं वाचलं. तो आम्हाला मिळेल का?
– बामणोली

उत्तर : ती योजना समुद्रातल्या मासेमारी नौकांसाठी आहे, जलाशयासाठी नाही. पण पाण्यावर अडथळा नसतो, त्यामुळे पुढच्या उत्तरातला लोराचा, म्हणजे कमी विजेवर लांब जाणाऱ्या रेडिओचा, मार्ग तुम्हाला आमच्या बाकीच्या वाचकांपेक्षा स्वस्तात जमेल. काठावरच्या उंच घराच्या गच्चीवर एक गेटवे (गाड्यांचे रेडिओ निरोप ऐकून इंटरनेटवर पाठवणारी पेटी) ठेवला तरी पाण्याचा बराच पट्टा त्याच्या नजरेत येतो. फक्त खोऱ्याच्या वळणाआड गेलेली लाँच दिसणार नाही.

प्रश्न : चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम आमच्याकडे आहे. चार जीप, एक क्रेन, दोन पाण्याचे टँकर. पठारावर रेंज येते, उताराच्या रस्त्यांवर आणि खाली दरीत जाते. आम्हाला गाडी 'आत्ता' कुठे आहे हे कळायलाच हवं, कारण माणसं एकटी असतात. लोराबद्दल ऐकलं. किती लांब जातं, काय काय लागतं?
– देखभाल ठेकेदार, सातारा

उत्तर : तुमच्या जागेला लोरा चांगला बसतो. वर रेंज आहे आणि खाली नाही, नेमकं हेच त्याला हवं असतं. गाडीतलं छोटं यंत्र आपली जागा रेडिओवर गेटवेला सांगतं. गेटवे पठाराच्या कडेला, जिथून मोबाइलचा टॉवर मिळतो आणि दरीही दिसते तिथं बसतो आणि निरोप इंटरनेटवर पाठवतो. गाडीत सिम लागत नाही.

किती लांब, याचं उत्तर किलोमीटरमध्ये मागू नका. नजर पोचते का, ते विचारा. कड्यावरून उघड दिसणारा रस्ता दहा-बारा किलोमीटरवर असला तरी निरोप येतो. कड्याच्या थेट पायथ्याशी, फक्त दीड किलोमीटरवर, डोंगराच्या पोटाआड उभी असलेली जीप ऐकू येत नाही. शिवाय रेडिओलहरीला नुसती रेघ पुरत नाही, रेघेभोवती मोकळी जागा लागते. दहा किलोमीटरच्या अंतरात बरोबर मध्यावर ती जागा सुमारे २९ मीटर त्रिज्येची असते आणि त्यातली निदान ६० टक्के, म्हणजे १८ मीटर, झाडं-टेकाडांपासून मोकळी हवी. मधली धार रेघेला नुसती चाटून जात असेल तर उन्हाळ्यात चालेल आणि पावसाळ्यात ओल्या झाडीमुळे तुटेल.

खरेदीत पहिली गोष्ट तपासायची ती वारंवारिता. भारतात यासाठी परवाना न लागणारा पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आहे. मॉड्यूल 'इंडिया ८६५' साठीचंच हवं आणि त्याला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए (यंत्राच्या प्रकाराची) मान्यता हवी. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी ९१५ मेगाहर्ट्झची अमेरिकन मॉड्यूल अजिबात लावू नका. तो आकडा मोबाइलच्या ९०० च्या पट्ट्याला चिकटून आहे. आधीच कशीबशी येणारी रेंज तुम्हीच बिघडवाल, आणि ते बेकायदाही आहे.

नोंद छोटी ठेवा. अक्षांशाला ४ बाइट, रेखांशाला ४, वेग, बॅटरी, मदतीचं बटण आणि दिशा प्रत्येकी १, अशा १२ बाइटमध्ये काम होतं. लोरामध्ये वेग आणि पल्ला यांचं व्यस्त प्रमाण असतं. निरोप किती सावकाश पाठवायचा याच्या पायरीला एसएफ म्हणतात. एसएफ ७ वर एवढी नोंद सेकंदाच्या सोळाव्या भागात जाते, एसएफ १२ वर दीड सेकंद लागतं, पण तीच जास्त लांबून ऐकू येते. फिरत्या गाडीला एसएफ १० वर ठेवून दर दोन मिनिटांनी पाठवणं हा मधला मार्ग. सात गाड्यांना आठ चॅनेलचा एक गेटवे भरपूर झाला. एका चॅनेलचे स्वस्त गेटवे मिळतात, ते घेऊ नका. दोन गाड्या एकदम बोलल्या की एक हरवते, आणि हरवलेलीच नेमकी अडचणीत असायची.

अँटेना ५-६ डीबीआय गेनची (गेन म्हणजे ती सिग्नल किती एकवटते), फायबरची, खांबाच्या टोकावर. मोठ्या गेनच्या मागे लागू नका. तिचा झोत इतका चपटा होतो की तो दरीच्या डोक्यावरून निघून जातो. केबल हा सगळ्यात दुर्लक्षिलेला भाग आहे. साधी आरजी ५८ दहा मीटर वापरली तर जवळपास ५ डेसिबल वाटेतच मरतात, म्हणजे दोन-तृतीयांश ताकद. एलएमआर ४०० वापरा, किंवा त्याहून बरं म्हणजे गेटवेची पेटीच खांबावर अँटेनाखाली मीटरभर अंतरात बसवा. केबल पेटीत खालूनच शिरली पाहिजे, आणि शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. कनेक्टरवर आपोआप चिकटणारी रबरी टेप आणि वर साधी काळी टेप. तुमच्या पठारावरचा पाऊस आडवा येतो, त्यामुळे नुसत्या छपरावर भिस्त ठेवू नका.

विजेचा हिशेब पावसाळ्यावर करा. गेटवे आणि मोडेम मिळून ५ वॉट धरले तर दिवसाला १२० वॉट-तास लागतात. जुलैत पठारावर पूर्ण उन्हाचे सव्वा तासच हिशेबात धरा. १५० वॉटचा पॅनेल, तोटे वजा जाता, तेवढ्यात जेमतेम १२०-१३० वॉट-तास देतो. पाच दिवस गच्च धुकं राहिलं तर ६०० वॉट-तास साठलेले हवेत, म्हणजे १२.८ व्होल्टची ६० अँपिअर-तासाची लिथियम-फॉस्फेट बॅटरी. पॅनेल वर्षभराच्या हिशेबानं १७-१८ अंशांत ठेवतात, पण इथं थोडा जास्त तिरका ठेवा, शेवाळ आणि धूळ धुऊन जाते.

वळवाच्या दिवसांत पठारावरचा एकटा खांब विजेला आमंत्रण असतो. अँटेना केबलवर लाइटनिंग अरेस्टर आणि त्याची अर्थिंग थेट खांबाच्या तळाशी. जांभ्या खडकात तीन मीटरचा अर्थिंग रॉड शिरत नाही. अशा ठिकाणी तांब्याची पट्टी आडव्या चरात दहा-पंधरा मीटर लांब पुरून भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरा.

पवनचक्कीच्या मनोऱ्यावर अँटेना लावण्याचा मोह होईल. मालक कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय नको. आणि पठाराचा जो भाग अभयारण्याच्या किंवा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो, तिथं वनखात्याला विचारल्याशिवाय साधा खांबही रोवता येत नाही.

इंटरनेट अजिबात नको असेल आणि गाड्यांनी एकमेकांनाच ओळखलं तरी चालणार असेल, तर मेश्टॅस्टिक हा फुकट प्रोग्रॅम असलेली छोटी लोरा यंत्रं मिळतात. ती एकमेकांचे निरोप पुढे ढकलतात आणि ब्लूटूथनं जोडलेल्या फोनवर नकाशात दाखवतात. सुरू करताना प्रदेश 'भारत' निवडायला विसरू नका. चार जीपना हे चालेल. मदतीच्या बटणाची हमी मात्र त्यावर टाकू नका.

प्रश्न : ब्रेकर, जादा बकेट, जनरेटरची ट्रॉली, सेंट्रिंगच्या प्लेटा. वीज नसलेल्या वस्तूंवर नजर कशी ठेवायची?
– बांधकाम व्यावसायिक, कराड

उत्तर : प्लेटांचं सोडून द्या. त्या मोजायच्या आणि रंगवायच्या, दुसरा उपाय नाही. ब्रेकर-बकेटला ब्लूटूथ टॅग लावा. पोकलेनवरचा किंवा जीपमधला ट्रॅकर ब्लूटूथ ऐकणारा असेल तर जवळचे टॅग तो स्वतःच्या नोंदीत घालतो. इथं समजून घ्या की नकाशावर दिसते ती टॅगची जागा नसते, टॅग ज्या गाडीला शेवटचा ऐकू आला त्या गाडीची असते. ब्रेकर खाली टाकून पोकलेन पुढच्या साइटवर गेला की ब्रेकर 'शेवटचा दिसला तिथं' राहतो, आणि तेवढीच माहिती तुम्हाला हवी असते. टॅग उघड्यावर तीस-चाळीस मीटर ऐकू येतो, लोखंडाला चपटा चिकटवला तर पाच-दहा. मध्ये सेंटिमीटरभर जाड रबर ठेवा. माणसांच्या फोनवर अवलंबून असलेले, चाव्या-पिशव्यांना लावायचे टॅग रानात निरुपयोगी. शेजारून कोणी फोन घेऊन गेलंच नाही तर ते मुके.

जनरेटरच्या ट्रॉलीला बॅटरीवरचा ट्रॅकर चालतो. त्यात ३.६ व्होल्टचा, १९ अँपिअर-तासाचा, 'डी' आकाराचा लिथियम सेल असतो. तो कधीही चार्ज करायला लावू नका, फुटतो. रेंजबाहेर एकेक प्रयत्न पाच मिलीअँपिअर-तास खातो असं धरलं आणि तासाला एक प्रयत्न केला, तर रोजचे १२० होतात आणि सेल पाच महिन्यांत संपतो. 'पाच वर्षं चालेल' हे जाहिरातीतलं वाक्य दिवसाला दोन निरोपांवर आणि चांगल्या रेंजवर लिहिलेलं असतं. तुम्ही दिवसाला दोनच ठेवा, आणि ट्रॉली हलली की जागा होणारा मोशन सेन्सर चालू ठेवा.

प्रश्न : बोअर मारायची गाडी जत तालुक्याच्या पूर्व भागात आणि पलीकडे कर्नाटकात फिरते. डिझेल सेन्सर लावलाय. रेंज येते-जाते. अहवालात रोज एक-दोनदा २०-३० लिटर 'चोरी' दिसते, पण ड्रायव्हर जुना आणि विश्वासाचा आहे.
– बोअरवेल व्यावसायिक, जत

उत्तर : ड्रायव्हरला विचारण्याआधी गाडी कशी उभी असते ते विचारा. बोअर मारताना गाडी जॅकवर उचलली जाते आणि पुढचं-मागचं बरोबर समतल असेलच असं नाही. टाकीतलं डिझेल एका बाजूला सरकतं, टोकाला बसवलेला सेन्सर पातळी घटल्याचं सांगतो. जॅक खाली आले की तेवढंच डिझेल 'भरलं' असंही दिसेल. ही घट-भर जोडी अहवालात सापडली तर चोरी नाही.

सेन्सर टाकीच्या लांबी-रुंदीच्या मध्यावर हवा. टाकी लांबट असेल तर दोन सेन्सर आणि त्यांची सरासरी. बसवताना टाकी रिकामी करून दर २० लिटरला एक आकडा नोंदवलेला असला पाहिजे. फक्त 'रिकामी' आणि 'भरलेली' असे दोनच आकडे घेतले असतील तर गोल कडांच्या टाकीत मधला सगळा हिशेब चुकतो. आणि नोंद दर मिनिटाची ठेवा. खरी चोरी पाच-दहा मिनिटांत इंजिन बंद असताना एका उतारानं पडलेली दिसते. दहा मिनिटांची नोंद असेल आणि मध्ये रेंज गेलेली असेल तर कसलाच आकार दिसत नाही, नुसता खड्डा दिसतो.

प्रश्न : गाडी चोरीला गेली तर फोनवरून इंजिन बंद करता येतं म्हणून रिले बसवला. जंगलात चालेल का?
– जेसीबी मालक, हेळवाक

उत्तर : तुमचा हुकूम जायला रेंज लागते, त्यामुळे नाही. शिवाय चालत्या मशीनचं इंजिन तोडणं घाटात जिवावर बेतू शकतं. रिले असेल तर तो फक्त स्टार्टरच्या तारेवर हवा, म्हणजे चालू इंजिन बंद पडणार नाही, बंद पडलेलं पुन्हा सुरू होणार नाही. रानात बंदोबस्त मशीनवरच हवा. एका कंपनीच्या बऱ्याच मशीनना एकच चावी लागते हे उघड गुपित आहे, तेव्हा बॅटरीच्या कटऑफची चावी रात्री काढून न्या आणि स्टार्टरच्या तारेवर एक लपवलेला स्विच टाका. ट्रॅकरची सीमा (नकाशावर आखलेली साइटची हद्द) सर्व्हरवर न ठेवता ट्रॅकरच्या आत साठवून घ्या आणि त्याच्या आउटपुटला भोंगा जोडा. रात्री सीमा ओलांडली तर रेंज नसतानाही भोंगा वाजतो आणि साइटवरची माणसं उठतात. मात्र ट्रॅकरची तार कटऑफच्या आधी, फ्यूज घालून घेतलेली हवी, नाहीतर कटऑफ काढला की भोंगाही गेला.

थोडक्यात

वेळ साडेपाच तास मागे दिसते (वाई) : ट्रॅकर जागतिक वेळ पाठवतो, ॲपमध्ये +५:३० घालायचं राहिलं आहे. ट्रॅकरमध्ये आणि ॲपमध्ये दोन्हीकडे घातलं तर वेळ साडेपाच तास पुढे दिसते.

उभ्या मशीनचे रोज तीन-चार किलोमीटर पडतात (विटा) : उपग्रहाची जागा दहा-वीस मीटर हलत राहते, ॲप ती धावणी समजून बेरीज करतं. इंजिन बंद असताना आणि ताशी ५ किलोमीटरच्या खाली अंतर मोजू नये, अशी अट घाला. कड्याखाली हे जास्त होतं, कारण दगडावरून उलटलेला सिग्नलही ऐकू येतो.

जुना ट्रॅकर जवळपास वीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवतो (इस्लामपूर) : जीपीएस आठवडे मोजतं आणि जुन्या यंत्रांत तो आकडा १,०२४ नंतर शून्यावर येतो. शेवटचा असा फेरा एप्रिल २०१९ मध्ये पडला. नवीन सॉफ्टवेअर मिळत नसेल तर ट्रॅकर बदला.

साइट ऑफिसवर मोबाइल बूस्टर लावू का (कोयनानगर) : कंपनीव्यतिरिक्त कोणी लावलेला बूस्टर बेकायदा आहे, आणि तो शेजारच्या गावाची रेंजही घालवतो. बाहेर उंचावर अँटेना असलेला ४जी राउटर लावा.

प्रश्न : एकच ट्रॅक्टर आणि एक रोलर आहे. ट्रॅकर-गेटवेचा खर्च नको. फोनवर भागेल का?
– महाबळेश्वर तालुका

उत्तर : भागेल. फोन एअरप्लेन मोडमध्ये टाकला तरी जीपीएस चालू राहतो. व्याघ्र प्रकल्पांतले वनरक्षक गस्तीची नोंद एम-स्ट्राइप्स ॲपवर अशीच ठेवतात, रेंज नसताना फोनमध्ये साठवायचं आणि परत आल्यावर चढवायचं. तुम्ही जीपीएक्स (गेलेल्या मार्गाची) फाइल बनवणारं कोणतंही नोंद-ॲप घ्या, त्या भागाचा नकाशा घरूनच उतरवून ठेवा आणि त्या ॲपला बॅटरी सेव्हरमधून वगळा. हे वगळणं राहिलं तर स्क्रीन बंद झाल्यावर दहा मिनिटांत फोन ॲपला झोपवतो आणि दिवस कोरा राहतो. रेंज नसताना फोनला पहिली जागा पकडायला वेळ लागतो, कारण उपग्रहांची माहिती एरवी तो इंटरनेटवरून घेतो. आता ती थेट उपग्रहाकडून, तीस सेकंद अखंड ऐकून घ्यावी लागते. म्हणून नोंद उघड्यावर सुरू करा, झाडीखाली नाही, आणि पहिली दोन-तीन मिनिटं ट्रॅक्टर हलवू नका.

रोलरला फोन बांधून ठेवण्यात अर्थ नाही, कंपनात तो टिकत नाही. सकाळी आणि संध्याकाळी तासांच्या मीटरचा फोटो काढा. कॅमेऱ्यात 'जागा नोंदवा' चालू असेल तर तारीख, वेळ आणि ठिकाण तिन्ही फोटोतच येतात. तो फोटो ट्रॅक्टरच्या फाइलबरोबर रात्री एकाच वेळी पाठवायला सांगा.